बेडूक नंतर, आधी पाऊस!

इवलासा निळा बेडूक आणि काचेच्या पेटीत अख्खं जंगल. रील पाहून तुम्हालाही नाद लागला असेल, तर हे वाचा. कारण अमरावती-अकोल्यात पेटी बांधणं जमून जाईल. त्या पेटीत मे महिना काढणं ही खरी परीक्षा आहे!

रात्रीचा दीड वाजलाय. उद्या प्रॅक्टिकल आहे, जर्नल अर्धं कोरं आहे आणि तुम्ही रील पाहताय. कुणाच्या तरी घरात भिंतीएवढी काचेची पेटी. आत शेवाळ, नेचे, वेली, धुक्याची फवारणी. आणि एका पानावर बसलेला, शाईत बुडवून काढल्यासारखा निळाशार बेडूक. अंगठ्याएवढा. तुम्ही रील पुन्हा पाहता. मग तिसऱ्यांदा. मग मित्राला पाठवता, ‘भाऊ, आपल्याकडे असं जमंल का बे?’

सकाळी विषय घरात काढला की आईचं उत्तर ठरलेलं. ‘काहून रे बापू, आता बेडकं आणतं का घरात?’

आईचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. त्याचं नीट उत्तर द्यायचं, तर थोडं प्राणिशास्त्र, थोडं भौतिकशास्त्र, थोडा कायदा आणि बरंचसं वऱ्हाडचं ऊन समजून घ्यावं लागतं. चला, एकेक करून पाहू.

हा पाहुणा कोण?

याला म्हणतात डार्ट फ्रॉग. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलांतला हा रहिवासी. बहुतेक जाती दोन ते पाच सेंटिमीटरच्या. आपले बेडूक रात्री बाहेर पडतात, हे महाशय मात्र दिवसाढवळ्या फिरतात. भडक रंग हीच त्यांची पाटी: मला खाऊ नका, महागात पडेल. कोलंबियातले एम्बेरा लोक यातल्या काही जातींच्या पाठीवर बाणाचं टोक घासत आणि फुंकनळीने शिकार करत. नाव पडलं ते त्यावरून.

मग घरात विष ठेवायचं? नाही. या बेडकांचं विष त्यांच्या खाण्यातून येतं. जंगलातल्या मुंग्या आणि बारीक कोळीकिडे खाऊन ते ती रसायनं कातडीत साठवतात. पेटीत जन्मलेल्या आणि फळमाश्यांवर वाढलेल्या बेडकात ते विष तयार होत नाही. हे विष साधंसुधं नाही बरं का. इक्वेडोरमधल्या एका छोट्या डार्ट फ्रॉगच्या कातडीतून जॉन डेली या शास्त्रज्ञाने १९७४ मध्ये नमुने गोळा केले. त्यातल्या एपिबॅटिडिन या रेणूची रचना १९९२ मध्ये उलगडली. वेदना थांबवण्यात तो मॉर्फिनच्या सुमारे दोनशे पट जोरदार निघाला, पण विषारीही इतका की त्याचं औषध होऊ शकलं नाही.

म्हणजे पेटीतला बेडूक आपल्याला काही करत नाही. प्रश्न उलटा आहे. आपण त्याला काय करतो?

बहुतेक डार्ट फ्रॉगना साधारण २२ ते २६ अंश तापमान लागतं आणि ८० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त आर्द्रता. तापमान तीस अंशांच्या वर जाऊन तासन् तास तिथंच राहिलं, तर त्यांच्या जिवावर बेततं. आता हा आकडा हातात धरून जरा गच्चीवर जाऊन या. मे महिन्यात. दुपारी दोन वाजता.

काचेतलं जंगल, जुनी गोष्ट

त्याआधी एक छोटी गोष्ट. १८२९ साल. लंडनमध्ये नॅथॅनियल वॉर्ड नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी एका पतंगाचा कोश ओल्या मातीसकट बंद बाटलीत ठेवला होता. लक्ष होतं कोशावर. पण त्या मातीतून नेचा आणि गवत उगवलं. बाहेर लंडनच्या धुराने वॉर्ड यांचे नेचे मरत होते आणि बाटलीतला मात्र मजेत होता. दिवसा मातीतलं पाणी वाफ होऊन काचेला चिकटायचं, रात्री पुन्हा खाली ओघळायचं. बाटलीचा स्वतःचा पाऊस!

यातूनच ‘वॉर्डची पेटी’ आली. जहाजाच्या डेकवर खारा वारा सोसत झाडं जिवंत ठेवणारी काचेची पेटी. रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची हजारो रोपं भारतात आणली ती अशाच पेट्यांतून. म्हणजे तुमच्या हातातल्या कटिंग चहाचा आणि त्या रीलमधल्या पेटीचा खापरपणजोबा एकच.

पण एक फरक लक्षात ठेवा. लंडनमध्ये पेटीला बाहेरच्या धुराशी आणि थंडीशी लढायचं होतं. आपल्याकडे लढाई उन्हाशी आहे.

माठ, कूलर आणि पेटी

वऱ्हाडातल्या माणसाला ऊन शिकवायला नको. मे महिन्यात देशातल्या सगळ्यात तापलेल्या शहरांची यादी आली की आपण आधी अकोला शोधतो, मग अमरावती. २०२४ च्या मे महिन्यात तर पारा ४५ च्या वर गेला आणि अकोल्यात उन्हापायी जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता.

मग तुम्ही म्हणाल, ‘पेटीत पाण्याची फवारणी करायची ना! पाण्याने गारवा येतोच.’

इथंच बहुतेक जण फसतात. माठातलं पाणी गार का होतं? बाहेरची हवा कोरडी असते, माठातून झिरपलेलं पाणी भराभरा उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. कूलरचंही तेच. बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त २४ अंशांच्या आसपास उतरू शकते. हे कागदावरचं गणित झालं. प्रत्यक्षात घरचा कूलर त्याच्या चार-पाच अंश अलीकडेच थांबतो.

आता जुलैतला कूलर आठवा. पाऊस पडून गेलाय, हवा दमट आहे आणि कूलरसमोर बसूनही अंग चिकट. हवेत आधीच पाणी भरलेलं असलं की नवीन पाणी उडत नाही. उडत नाही म्हणून गारवाही नाही.

बेडकाच्या पेटीत आपण बारा महिने जुलै ठेवणार असतो. आर्द्रता ८०-९० टक्के. म्हणजे आत कितीही पाणी फवारलं, तरी ते उडणार नाही. खोलीचं तापमान ३८ असेल, तर थोड्या वेळाने पेटीचंही ३८ होईल. वरून दिवे लागले की आणखी जास्त. फवाऱ्याने आर्द्रता मिळते, थंडावा मिळत नाही. थंडावा द्यायचा तर पेटी नाही, अख्खी खोली थंड करावी लागते.

अख्खी खोली म्हणजे एसी. एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत, दिवसरात्र. एक टनाचा एसी तासाला पाऊण ते एक युनिट खातो असं ढोबळ धरा आणि गुणाकार स्वतः करा. मग त्यात लाइट जाण्याचा हिशेब मिसळा. घरातला साधा इन्व्हर्टर पंखा आणि दिवे ओढतो, एसी नाही. दुपारी बाराला गेलेली लाइट चारला आली, तर मधल्या चार तासांत तुमच्या निळ्या बेडकाचं काय? या प्रश्नाचं लेखी उत्तर तयार असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अशा वेळी अनुभवी मंडळी एक साधा उपाय हाताशी ठेवतात. थर्माकोलचा खोका, फ्रीजरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आणि ओलं शेवाळ घातलेला छोटा डबा. बेडूक डब्यात, डबा खोक्यात, खोका घरातल्या सगळ्यात खालच्या आणि अंधाऱ्या खोलीत. जुगाडच आहे, पण जीव वाचवणारा. अर्थात तेव्हा घरात कुणीतरी असायला हवं. तुम्ही कॉलेजात आणि आई-बाबा लग्नाला, असं चालत नाही.

चला, पेटी बांधू

घाबरलात? घाबरू नका. पेटी बांधण्यात जी मजा आहे, ती बेडकाशिवायही आहे. आणि बेडूक आणायचा की नाही हे ठरवण्याचा सगळ्यात प्रामाणिक मार्ग म्हणजे आधी पेटी बांधून पाहणं.

*आकार आणि वजन:* समजा, चार फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट उंच अशी पेटी ठरवली. आठ मिलिमीटरची काच घेतली, तर सहा बाजूंची नुसती काचच सुमारे ९७ किलो भरते. त्यात ओली माती, खडे, लाकूड, पाणी. बघता बघता दीडशे किलोंच्या पुढे जातं. प्लायवूडच्या टेबलावर हे टिकत नाही. लोखंडी अँगलचा स्टँड बनवून घ्या, तो भिंतीला लागून आणि शक्यतो तळमजल्यावर ठेवा. वरच्या स्लॅबची पश्चिमेकडची खोली म्हणजे भट्टी. खिडकीजवळ तर नकोच. ऊन काचेतून आत शिरतं आणि पेटी बंद गाडीसारखी तापते. एकदा भरली की ही पेटी हलवता येत नाही, म्हणून जागा आधी, काच नंतर.

*तळाचा थर:* सगळ्यात खाली दोन-अडीच इंचांचा निचऱ्याचा थर. बाजारात भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या मिळतात. स्वच्छ धुतलेले विटांचे तुकडेही चालतात. जास्तीचं पाणी इथं उतरतं. काचेला तळाशी आधीच भोक पाडून घेऊन नळी बसवली, तर साचलेलं पाणी काढून टाकता येतं. या थरावर मच्छरदाणीची नायलॉनची जाळी, म्हणजे वरची माती खाली जाणार नाही.

*माती:* आणि इथं आपली वऱ्हाडी चूक होते. ‘आपली काळी माती कापूस पिकवते, झाडं काय, अशीच वाढतील!’ नाही हो. काळी माती पाणी धरून फुगते, चिकटते आणि वाळली की तिला भेगा पडतात. तिचा हाच गुण कोरडवाहू कापसाला तारतो. पण बंद पेटीत ती चिखल होऊन बसते, मुळांना हवा मिळत नाही आणि आठवड्याभरात वास सुटतो. पेटीतली माती ही खरं तर मातीच नसते. अमेरिकेतल्या अटलांटा वनस्पती उद्यानाने वापरात आणलेलं मिश्रण जगभर प्रसिद्ध आहे. त्यात झाडनेच्याचा तंतू, पीट, कोळसा, स्फॅग्नम शेवाळ आणि झाडाची साल असते. आपल्याकडे धुऊन खार काढलेलं कोकोपीट, लाकडी कोळशाचे तुकडे, सालीचे बारीक तुकडे आणि थोडं शेवाळ घेऊन त्याच धर्तीवर काम भागतं. मूठ दाबली की पाणी टपकलं पाहिजे आणि मूठ सोडली की गोळा मोकळा झाला पाहिजे.

*पालापाचोळा:* मातीवर वाळक्या पानांचा थर हवाच. बदामाची, जांभळाची, पेरूची पानं चांगली. ज्या झाडावर फवारणी झालेली नाही अशाच झाडाची घ्या. कापसाच्या आणि संत्र्याच्या पट्ट्यात राहतो आपण. फवारणी काय असते ते सांगायला नको. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. पानावरचं औषध थेट त्याच्या अंगात जातं. आणि हो, मेळघाटातून पानं, शेवाळ, लाकूड उचलून आणायचं नाही. तो व्याघ्र प्रकल्प आहे, नर्सरी नाही.

*पाणी:* अकोला आणि अमरावतीचा मोठा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. तिथलं बोअरचं पाणी फवाऱ्यात भरलं, तर महिनाभरात काचेवर पांढरे डाग, नोझल बंद आणि शेवाळ करपलेलं. बेडकाच्या कातडीलाही ते क्षार नकोत. आरओचं पाणी वापरा, नाहीतर पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी साठवा. पहिल्या सरींचं सोडून द्या, मग धरा.

*झाडं:* मनी प्लांट आणि सिंगोनियम हाताबाहेर वाढतात, म्हणून थोडेच. छोटे नेचे, फिटोनिया, पेपेरोमिया, भिंतीवर चढणारा फायकस पुमिला आणि वरच्या उजेडात ब्रोमेलियाड. या ब्रोमेलियाडच्या पानांच्या बेचक्यात पाणी साठतं. मध्य अमेरिकेतल्या स्ट्रॉबेरी डार्ट फ्रॉगची आई एकेक पिल्लू पाठीवर बसवून अशा वेगवेगळ्या बेचक्यांत नेऊन सोडते आणि पुन्हा पुन्हा येऊन त्याला न फळलेली अंडी खाऊ घालते. होय, बेडकी! नर्सरीतून आणलेलं रोप मात्र थेट पेटीत लावू नका. कुंडीतली माती झटकून टाका, मुळं-पानं धुवा आणि काही आठवडे वेगळं ठेवा.

*उजेड आणि वारा:* दिवसाला बारा तास पांढरा एलईडी पुरे. त्याचा तापणारा भाग पेटीच्या बाहेर ठेवा. संगणकातला छोटा पंखा बसवून हवा हलती ठेवली, तर बुरशी कमी होते. पंख्याला बारीक जाळी हवीच.

*सफाई कामगार:* शेवटी मातीत स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड सोडतात. स्प्रिंगटेल म्हणजे कुंडी उचलली की टुणकन उडणारे ते पांढरे बारीक जीव. ते बुरशी खातात, आयसोपॉड सडकी पानं खातात. पेटी त्यांच्यावर चालते. बेडकावर नाही.

तीन महिने नुसतं बघायचं

पेटी तयार झाली. आता काय करायचं? काही नाही. एक साधं थर्मामीटर आणि आर्द्रतामापक आत ठेवा आणि वहीत रोज तीन वेळा आकडे लिहा. सकाळी, दुपारी तीनला, रात्री. लाइट किती वेळ गेली तेही लिहा.

पेटी फेब्रुवारीत लावली, तर हे तीन महिने नेमके मेपर्यंत जातील. तीच परीक्षा. दुपारी तीनचा आकडा २७ च्या वर जातच नसेल, तर तुमची खोली पास. तो ३४ दाखवत असेल, तर त्या दिवशी पेटीत बेडूक नव्हता याबद्दल देवाचे आभार माना. नेचे करपले तर पुन्हा लावता येतात.

तुलनेसाठी एक मस्त अभ्यास आहे. ऑगस्टमध्ये चिखलदऱ्याला जालच. तेच मापक खिशात घेऊन जा. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपासचं ते पठार. धुकं उतरलेलं, झाडांच्या खोडांवर शेवाळ, बाजूला कॉफीची झाडं. तिथं उभं राहून आकडा वाचा. तुम्ही चार फुटांच्या काचेत जे बांधताय, ते म्हणजे तो एक दिवस. फरक इतकाच की तिथं तो फुकट मिळतो आणि दोन-तीन महिन्यांत संपतो. तुम्हाला तो वर्षभर रोज, स्वतःच्या खिशातून बनवायचाय.

जेवणाचं काय?

डार्ट फ्रॉग मेलेलं अन्न खात नाहीत. हलणारा किडा लागतो, आणि तोही बारीक. जगभर त्यांना फळमाश्या खायला देतात. त्याही उडता न येणाऱ्या. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, ओळख पटली का? जनुकशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बाटलीत पाहिलेली हीच ती ड्रोसोफिला! ज्या आखूड पंखांच्या माश्यांचे क्रॉस आपण कंटाळत मोजतो, त्या या बेडकांचं जेवण आहेत.

आणि इथंही ऊन आडवं येतं. तापमान तीसच्या आसपास स्थिरावलं की ड्रोसोफिलाचे नर नापीक होतात. बाटल्यांतली पुढची पिढी येतच नाही. म्हणजे मे महिन्यात बेडूक तगला, तरी त्याचा डबा बंद पडतो. माश्यांच्या बाटल्याही थंड खोलीतच ठेवाव्या लागतात. एक बाटली संपण्याआधी दुसरी लावलेली हवी, दर आठवड्याला, न चुकता. परीक्षा असो की गॅदरिंग.

कागद आहे का?

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. समजा, खोली पास झाली, माश्या जमल्या. बेडूक आणणार कुठून?

बहुतेक डार्ट फ्रॉग साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. म्हणजे त्यांच्या सीमापार व्यापाराला परवाना लागतो. आपला वन्यजीव संरक्षण कायदा २०२२ मध्ये दुरुस्त झाला आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. साइटिसच्या यादीतले प्राणी त्यामुळे आपल्या कायद्याच्या कक्षेत आले. २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी जवळ असेल, तर ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. ‘फोनवर बोलू, कुरिअरने पाठवतो, कागदबिगद काही नको’ असं कुणी म्हणालं की तिथंच थांबा. बँकॉकहून आलेल्या बॅगांतून विदेशी प्राणी मुंबई आणि चेन्नईच्या विमानतळांवर वारंवार पकडले जातात. डब्यांत कोंबलेले, अर्धमेले. बिनकागदाचा बेडूक विकत घेतला की त्या बॅगेचे पैसे आपण भरलेले असतात.

दुसरी भीती रोगाची. बेडकांच्या कातडीवर वाढणारी कायट्रिड नावाची बुरशी आहे. प्राण्यांच्या जागतिक व्यापाराबरोबर ती देशोदेशी पसरली. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार उभयचरांच्या ५०१ जाती तिच्यामुळे घटल्या आणि त्यातल्या ९० बहुधा कायमच्या संपल्या. म्हणून पेटीतलं पाणी, माती, झाड असंच नाल्यात किंवा शेतात फेकायचं नसतं. आणि कंटाळा आला म्हणून बेडूक वडाळी तलावावर नेऊन सोडायचा, हा विचारही नको. तो उन्हाने मरेल. पण मरण्याआधी काय देऊन जाईल ते सांगता येत नाही.

जाता जाता एक गंमत. साइटिसच्या त्याच दुसऱ्या परिशिष्टात आणखी एक बेडूक आहे. पावसाळ्यात आपल्या डबक्यांत डराँव डराँव करणारा धिप्पाड भारतीय बैलबेडूक! परदेशी हॉटेलांतल्या ताटांसाठी त्याच्या तंगड्या इतक्या गेल्या की १९८५ मध्ये त्याला त्या यादीत घ्यावं लागलं आणि १९८७ मध्ये भारताने ही निर्यात बंद केली. सुरिनामचा निळा बेडूक आणि आपल्या धुऱ्यावरचा बेडूक, दोघं एकाच यादीत. एकाची रील आपण तीनदा पाहतो. दुसऱ्याकडे कधी पाहिलंय?

तुमची तीन वर्षं, त्याची दहा

नीट सांभाळलेला डार्ट फ्रॉग दहा वर्षं किंवा त्याहून जास्त जगतो. तुमची डिग्री तीन वर्षांची. नंतर? खरं सांगा. पुणे. एमपीएससी, एमबीए नाहीतर नोकरी. हिंजवडीत चौघांत एक फ्लॅट, घरमालकाला कुत्रं चालत नाही. दीडशे किलोंची पेटी पुण्याच्या गाडीत चढत नाही. मग ती राहते गाडगेनगरात किंवा जठारपेठेत, आई-बाबांजवळ. माश्यांच्या बाटल्या आई लावते. लाइट गेली की थर्माकोलचा खोका बाबा शोधतात. आईचा तो पहिला प्रश्न आता कळला? ‘घरात बेडकं आणतं का?’ म्हणजे ‘तू गेल्यावर हे कोण करणार?’

ज्यांच्याकडे याचं उत्तर आहे, थंड खोली आहे, कागद आहेत आणि दहा वर्षं आहेत, त्यांनी जरूर पुढे जावं. बाकीच्यांनी हिरमुसायचं कारण नाही. बेडकाशिवायची पेटी अपुरी नसते. तीत पाऊस पडतो, नेच्याची गुंडाळलेली पानं उलगडतात, आयसोपॉड पिल्लं घेऊन फिरतात, काचेवर शेवाळाचा नकाशा वाढत जातो. रोज दहा मिनिटं तिच्यासमोर बसून पाहा, फोन बाजूला ठेवून. चार फूट जास्त वाटत असेल, तर वॉर्डसारखं लोणच्याच्या बरणीपासून सुरू करा. बरणी पुण्यालाही नेता येते.

आणि बेडूक? तो येतोच. पाऊस लांबला की आपल्या खेड्यांत धोंडी निघते. कडुनिंबाचा पाला, काठीला बेडूक, दारोदारी पाणी. तो बांधलेला बेडूक सोडून द्यायला हवा, हे आता वेगळं सांगायला नको. पण त्या जुन्या माणसांना एक गोष्ट ठाऊक होती. बेडूक आणि पाऊस वेगळे काढता येत नाहीत.

म्हणून यंदा जूनमध्ये एक करा. पहिला मोठा पाऊस झाला, की त्या रात्री टॉर्च घेऊन दोघं-तिघं शहराबाहेरच्या एखाद्या साचलेल्या पाण्याजवळ जा. शांत उभे राहा. उन्हाळाभर जमिनीखाली दडून बसलेले जीव त्या रात्री वर आलेले असतील. बैलबेडकाचे नर हळदीसारखे पिवळे झालेले, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवून ओरडत असतील. होय, निळे. त्यांना हात लावू नका, पकडू नका; आपल्या पेटीची त्यांना गरज नाही. फोनवर आवाज टिपा, फोटो काढा, तारीख आणि जागा लिहून आयनॅचरलिस्टवर टाका. आपल्या भागातल्या बेडकांची अशी नोंद करणारे हात अजून कमीच आहेत.

घरी परतल्यावर आईला दाखवा तो आवाज. ती म्हणेल, ‘हे तं आपल्याच इकडचे हायेत.’

तिला सांगा, हो. यांना पाळावं लागत नाही. फक्त यांचं डबकं बुजवायचं नाही.